आडकूमामांचा डावा खांदा

आडकूमामांना मिशी होती, पण फक्त डाव्या बाजूला. उजवीकडं ओठावर थोडी करडी खुंटं उगवायची. ती आता तग धरतील असं वाटायला लागलं की एखाद्या संध्याकाळी पुन्हा नाहीशी व्हायची. उजव्या भुवईची कथाही तीच. नवखा माणूस समोर आला की बराच वेळ मामांच्या तोंडाकडं बघत राहायचा आणि मग तंबाखूची चिमूट मागण्याच्या निमित्तानं हळूच विचारायचा, "हे काय झालं हो?" मामा याच प्रश्नाची वाट बघत असायचे.

"काई झालं नाई," ते म्हणायचे. "बंदूक उजव्यायची हाय अन् मी डेबरा हाय. येवढंच."

डेबरा म्हणजे डावखुरा. एवढ्यावर विचारणाऱ्याची सुटका झाली असं मात्र कुणी समजू नये. खरी गोष्ट इथून पुढं सुरू व्हायची.

अदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीकडच्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. शाळा मराठी आणि वरून येणारा प्रत्येक कागद तेलुगूत, अशी आमची व्यवस्था होती. कागद वाचता वाचता मला तेलुगू आली आणि गावाला फुकटचा दुभाषा मिळाला. वीजखात्याचा माणूस येवो की पोलीस, आधी माझं दार वाजायचं. माझ्या खोलीची भिंत आणि मामांच्या घराची भिंत एकच असल्यामुळं मामांचा आवाज मला दार न वाजवताही ऐकू यायचा. विशेषतः डेबऱ्यांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल ते बोलत असले तर.

आधी ती बंदूक समजून घेतली पाहिजे. मामांची बंदूक निजामाच्या काळातली, चकमकीची. आता असली हत्यारं फक्त संग्रहालयात दिसतात, आणि तिथं निदान कुणी ती उडवत नाही. बारूद आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजानं ठासायचे. नळीच्या बुडाशी, उजव्या अंगाला, एक चमच्याएवढी वाटी असते. तीत आणखी चिमूटभर बारूद टाकायची. घोड्याच्या चोचीत गारगोटी अडकवलेली असते. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी वाटीत पडते, वाटीत भडका होतो आणि तो एका बारीक भोकातून नळीत शिरतो. एवढा सगळा प्रवास सुखरूप झाला तर बार उडतो.

आता जो माणूस बंदूक उजव्या खांद्याला लावतो त्याचं तोंड नळीच्या डावीकडं राहतं. भडका पलीकडच्या अंगाला होतो, त्याला त्याचा फारसा त्रास नाही. मामा बंदूक डाव्या खांद्याला लावत. म्हणजे तोंड उजवीकडं, थेट वाटीच्या मागं. दर बाराला एक लहानशी होळी त्यांच्या नाकासमोर पेटायची आणि मिशीचं जे काही उगवलं असेल ते घेऊन जायची.

"मंग मामा, खांदा बदला ना," कुणीही शहाणा माणूस म्हणायचा.

"मी काऊन बदलू?" मामा म्हणायचे. "बंदुकीनं बदलावं."

आणि मग सुरू. विळ्याचे दाते उजव्या हातासाठी काढलेले. कुलपाची किल्ली उजवीकडं फिरते. सदऱ्याची बटणं उजव्या हातानं लावायची. घड्याळाचे काटे उजवीकडं जातात. देवळातसुद्धा देवाला उजवीकडं ठेवून फिरायचं. "देव बी उजव्यायचाच निंगाला, बाप्पा. मंग दाद कोनाजवळ मागाव?" साऱ्या जगात त्यांना दोनच गोष्टी डेबऱ्यांच्या बाजूच्या सापडल्या होत्या. एक आरटीसीची, म्हणजे सरकारी बस, कारण तिचं दार डाव्या अंगाला असतं. दुसरी मतदानाची शाई. "सरकार शाई कोनत्या हाताले लावते? डेबऱ्या. पाच सालांतून एकदा का व्हयना, मान देते." पण त्याच निवडणुकीच्या आधी सरकार गावातल्या लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेई. डेबऱ्या हाताला मान द्यायचा आणि त्यातलं हत्यार काढून घ्यायचं, ही सरकारची चाल मामांनी केव्हाच ओळखली होती.

मी मास्तर असल्यामुळं विसंगती दिसली की मला गप्प बसवत नाही. मामा भाकरी उजव्या हातानं खायचे. वांगी उजव्या हातानं तोडायचे. बैलाच्या पाठीवर थाप उजव्या हाताची. एकदा मंडल ऑफिसच्या कुठल्याशा दरखास्तीवर त्यांनी माझ्यासमोर सही केली, तीही उजव्या हातानं, अगदी वळणदार. मी म्हटलं, "मामा, तुम्ही डावखुरे ना?"

"सही सरकारची हाय, मास्तर. सरकार उजवं हाय."

"आणि वांगी?"

मामांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "वांग्याले का करता, ते उजव्याच बाजूनं तुटते."

थोडक्यात, मामांच्या सगळ्या देहात डेबरा असा एक खांदाच होता. पण त्या एका खांद्याच्या जोरावर त्यांनी असं काही तत्त्वज्ञान उभं केलं होतं की दोन्ही हातांनी डावखुरा असलेला माणूसही त्यांच्यापुढं उजवा वाटावा.

बंदूक रानडुकरांसाठी होती. मामांचं शेत डोंगराच्या पायथ्याशी, गावातलं शेवटचं. वर वांगी आणि खाली जवारी. डुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळी जवारी कापायचे कष्ट उरत नाहीत. त्यामुळं दिवेलागणीच्या सुमाराला मामा शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढायचे आणि एक बार काढायचे. आम्ही गावात बसून तो ऐकायचो. आधी काहीच नाही. मग लांबून आलेला भडक्याचा उजेड. मग पुन्हा काही नाही, कारण वाटीतला विस्तव नळीत जायचं की नाही याचा विचार करायचा. तेवढ्यात डुकरांना काय खायचं राहिलं असेल ते आटोपून घेता यायचं. मग धडाम. मामांच्या बंदुकीनं डुक्कर मेल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. "आडकूजी डुकरायले राम राम करते," असं लोक म्हणायचे. पण आवाजाला डुकरं भ्यायची आणि जवारी राहायची, म्हणून मामांचं म्हणणं असं की नेम कानावर धरलेला असतो.

या सगळ्यावर सगळ्यात जास्त हसायच्या त्या पारबतामामी, म्हणजे त्यांची बायको. बाई अंगानं बारीक, पण हसणं दणकट. मामांनी घड्याळाच्या काट्यांबद्दल तोंड उघडलं की त्या आतून म्हणायच्या, "झालं यायचं सुरू," यायचं म्हणजे यांचं, आणि भिंतीपलीकडं मला वहीत लक्ष लागणार नाही इतकं हसायच्या. "अर्ध्या मिशीचा मानूस भेटला मले. अर्धी मिशी म्हशीनं खाल्ली म्हना लोकायले, तेवढीच इज्जत राहीन." मामा रागवायचे नाहीत. उलट एखादा नवा अन्याय शोधून काढायचे. नवराबायकोचं हे रोजचं चाललेलं पाहून मला वाटायचं, या दोघांना दुसरी करमणूक लागतच नसणार.

दोघं मूळची पैनगंगेपलीकडची. लग्न झाल्यावर मामांच्या मामानं, ज्याला मूलबाळ नव्हतं, त्यांना इकडं बोलावून घेतलं आणि शेत आणि बंदूक दोन्ही सोपवून तो लवकरच गेला. त्याला इतकी वर्षं झाली होती की गावाला मामा आठवत होते ते डेबरेच. दुसरं काही असेल असा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

मग एक नवा एसआय, म्हणजे फौजदार, आला. ठाण्यात आल्याआल्या त्यानं हद्दीतल्या सगळ्या बंदुकांचा मुआयना काढला. लायसन नवं करून हवं असेल त्यानं बंदूक दाखवायची, चालवून दाखवायची, मग तो वर शिफारस करणार. मामांचं लायसन त्याच साली संपत होतं. एका सकाळी जीप मामांच्या दारात उभी राहिली आणि अर्थातच माझं दार वाजलं.

एसआय तरुण होता, चष्मेवाला. माणूस वाईट नव्हता, फक्त नियम त्याचे अजून ताजे होते. त्यानं बंदूक हातात घेतली आणि कौतुकानं बघितली. मग मामांचं तोंड बघितलं आणि कौतुक संपलं. "ये मूंछ को क्या हुआ?" त्यानं विचारलं. मामांनी नेहमीचं उत्तर त्यांच्या हिंदीत दिलं. गाव जमलंच होतं, ते हसलं. एसआय हसला नाही. तो माझ्याकडं वळला आणि तेलुगूत बोलायला लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही बंदूक डाव्या खांद्यानं चालवायची नाही. आज मिशी जळते, उद्या तोंड जळेल, आणि शिफारशीवर सही त्याची असेल. ह्या माणसानं आत्ता उजव्या खांद्याला लावून, समोरच्या बाभळीला टांगलेल्या डब्यावर एक बार काढून दाखवावा. जमलं तर लायसन. नाही तर वद्दु, म्हणजे नको, आणि बंदूक जीपमध्ये.

मी मराठीत सांगितलं. मला वाटलं, मामा आता देवळाच्या फेऱ्यांपासून सुरुवात करतील. पण त्यांनी बंदूक उजव्या खांद्याला लावली, पुन्हा खाली घेतली. तेवढ्यात पहिल्या बसनं बाजाराला गेलेल्या मामी रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन परतल्या आणि गर्दी पाहून दारातच उभ्या राहिल्या. मामांनी त्यांना पाहिलं आणि मला दंडाला धरून गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"मास्तर, उजव्या खांद्यानं नाई जमत."

"मामा, एक बार काढा ना. तत्त्व उद्यापासून पुन्हा सुरू करा."

"तत्त्व नाई हो. मले उजव्या डोळ्यानं दिसत नाई."

मी त्यांच्या डोळ्याकडं पाहिलं. डोळा डोळ्यासारखाच होता, जरा धुरकट. इतकी वर्षं मी त्याच्या वरची भुवई बघत आलो होतो.

"उजेड समजते," मामा म्हणाले. "मानूस असन त सावली हालते. बाकी काई नाई. लग्नाचं पयलं साल होतं. तवा मी उजव्याच खांद्यानं मारत होतो. जवारीत डुकरं घुसले, मी नेम धरून बसलो, अन् हिले म्हनलं, वाटीत बारूद टाक. हिच्या माहेरी धान मोजाची रीत कशी, माप शीग लावून, काठावर ढीग येईस्तोर भरून द्याचं. कोनाले कमी नाई द्याचं. हिनं वाटीले बी शीग लावली." ते थांबले. "मले का माईत. मी चाप ओढला, अन् भडका नळीवरून इकडं आला."

"आणि डोळा गेला."

"हिले सांगतलं, मिशी जळली, दुसरं काई नाई. मिशी पाहूनच रडाले लागली होती ती. डोळ्याचं कुठी सांगता. मंग म्हनलं, मी असल डेबरा हाय, मामाच्या धाकानं उजव्या खांद्यानं मारत होतो, आता बदलतो. तवापासून डेबरा."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. विळा, कुलूप, घड्याळ, मतदानाची शाई, या सगळ्यावर मी त्यांच्याशी किती वाद घातले होते, आणि तिकडं हा माणूस नुसता एका बाईच्या भोवती कुंपण घालत बसला होता. सापडेल तो काटा आणून लावायचा.

"साहेबाले सांगतो मी," मी म्हटलं. मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागलो होतो.

मामांनी माझा दंड सोडला नाही. "हिंदीत नोका सांगू. हिंदी समजते तिले. तेलुगूत सांगा. अन् साहेबाले म्हना, त्यानं बी तेलुगूतच बोलाव. मास्तर, बंदूक गेली त जवारी जाईन, जाऊ द्या. पन हे तिच्या कानावर नाई गेलं पायजे."

आम्ही परत आलो. गाव वाट बघत होतं. मामी टोपल्या उतरवून उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी एसआयसमोर उभा राहून, परिपत्रकातून शिकलेल्या माझ्या कोरड्या तेलुगूत सगळं सांगितलं. ह्या माणसाचा कुडि कन्नु, म्हणजे उजवा डोळा, गेलेला आहे. कसा गेला ते सांगितलं. शीग कशी लावतात ते हातानं दाखवलं असतं, पण हात आवरला. शेवटी म्हटलं, दारात बसलेल्या बाईला हे माहीत नाही, आणि होऊ नये अशी ह्याची विनंती आहे.

एसआयनं चष्मा काढून पुसला. मामांकडं बघितलं. दाराकडं बघायचं त्यानं टाळलं, ते माझ्या लक्षात आलं आणि मला तो एकदम आवडला. मग त्यानं तेलुगूतच हळू आवाजात विचारलं, "ह्याच्या बंदुकीनं आजवर कुणी मेलं आहे का? डुक्कर, माणूस, काहीही?"

"नाही साहेब. सारं गाव सांगेल."

"एका डोळ्याच्या माणसाच्या बंदुकीची शिफारस मी कुठल्या नियमात बसवू?"

मी म्हटलं, नियम मला माहीत नाही, मी मराठी शाळेचा मास्तर आहे. तो थोडा वेळ बंदुकीच्या त्या वाटीवरून अंगठा फिरवत राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत म्हणाला, "ठीक है. लेफ्ट हैंडवाला है, तो लेफ्ट से ही चलाएगा. लेकिन बाजू में पतरे का आड लगाओ, समझे?" मामांनी दोन्ही हात जोडले. बंदूक जीपमध्ये न जाता घरात गेली. गावातल्या लोकांना वाटलं, डेबऱ्यांच्या बाजूनं सरकारनं निकाल दिला, आणि ते मामांच्या पाठीवर थापा मारत त्यांना हॉटेलात चहा पाजायला घेऊन गेले.

मी माझ्या खोलीकडं निघालो तर मामींनी हाक मारली. त्या टोपल्यांच्या तळाची पानं झटकत होत्या.

"मास्तर, साहेबाले काय सांगतलं तुमी?"

"काही नाही मामी. हेच, की मामा जन्माचे डावखुरे आहेत, आता बदलायचे नाहीत."

"कुडि कन्नु म्हंजे उजवा डोळा ना?" मामी म्हणाल्या.

मी परत फिरून उंबऱ्याशी आलो.

"अदिलाबादच्या बाजारात वांगे का मराठीत इकल्या जातात, मास्तर?" त्या टोपलीकडंच बघत होत्या. "त्यायच्या ध्यानात नाई येत. घरी कवा बोलली नाई ना मी तेलुगू."

मला सुचेल ते मी बोललो. की तुम्हाला आजच कळावं, तेही सगळ्या गावासमोर, याचं मला फार वाईट वाटतं.

"आज कायचं," मामी म्हणाल्या. "मले पयल्या सालापासून माईत हाय. पान्याचा गिलास उजव्या अंगानं देल्ला त हात चुकत होता त्यायचा. रस्त्यानं त्या अंगाची गाडी दिसत नाई. तवापासून मीच त्या अंगानं चालतो. शीग मी लावली होती वाटीले, माह्याच हातानं. ते का इसरल्या जाते?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मले दुःख व्हईन म्हनून मानूस खोटं बोलून राह्यला. खोटं पकडलं त त्यायच्याजवळ काय उरलं?" त्यांनी टोपली टोपलीत घातली.

"पण तुम्ही त्यांना किती हसता, मामी. मिशीवरून, घड्याळावरून."

मामींनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता.

"हासाच लागते, मास्तर. ते बोलाले लागले अन् मी हासली नाई, त त्यायले समजून जाईन ना."

मग त्यांनीही मला तेच सांगितलं जे मामांनी गोठ्याआड सांगितलं होतं. त्यायले कळू देऊ नोका. मी त्यांनाही हो म्हटलं. एकाच भिंतीपलीकडच्या दोन माणसांना एकाच गोष्टीचा शब्द देऊन मी खोलीत येऊन बसलो आणि वह्या तपासायला घेतल्या. त्या दिवशी कुणाचं काय चुकलं ते मला दिसेना.

संध्याकाळी शेताकडं निघताना मामा माझ्या दारापुढं थांबले. खांद्यावर बंदूक, हातात पत्र्याचा तुकडा. चेहऱ्यावर नवं काही सापडल्याचं तेज. जीप त्यांनी नीट पाहिली होती. "मास्तर, डायवर कोन्या अंगाले बसते? उजव्या. अन् साहेब? डेबऱ्या. मोठा मानूस डेबऱ्या अंगालेच बसते. म्हनून त साहेबाले माही गोष्ट पटली."

मामी त्यांच्या मागून जवारीच्या कण्यांची शिदोरी घेऊन येत होत्या. "झालं यायचं सुरू," त्या म्हणाल्या आणि दणदणीत हसल्या. हसता हसता वळसा घालून त्या मामांच्या उजव्या अंगाला आल्या आणि माझ्याकडं बघत थांबल्या. मग मीही हसलो, जरा मोठ्यानंच.